मधल्या सुट्टीचा स्वयंपाक

कॅडबरी नाक्यावरून पोखरण रोड नंबर एकला वळलं की पुढे वर्तकनगर. ठाण्यात पत्ता सांगताना चॉकलेटचं नाव घ्यावं लागतं ते इथेच. त्याच रस्त्यावर जे. के. ग्राममध्ये रेमंडची लोकरीची गिरणी होती, १९२५ सालापासूनची. जवळच वागळे इस्टेट. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसीची स्थापना झाली आणि तिचं पहिलं औद्योगिक क्षेत्र म्हणून वागळे इस्टेट उभी राहिली. हॉकिन्सच्या कुकरचा कारखाना तिथलाच. या सगळ्यांच्या मध्ये हाउसिंग बोर्डाच्या इमारती, पोलीस वसाहत, साईबाबांचं देऊळ. चॉकलेट, सुटाचं कापड आणि प्रेशर कुकर बनवणाऱ्या हातांच्या मुलांच्या डब्यात काय असायचं? बटाट्याची सुकी भाजी, दोन पोळ्या आणि कडेला लिंबाच्या लोणच्याची एक फोड. तिचा खार पोळीत उतरून एक पिवळा डाग पडलेला असायचा आणि तो भाग सगळ्यांत शेवटी खायचा असायचा.

शाळेच्या डब्याचा विषय निघाला की चांगली व्यवहारी माणसंही हळवी होतात. ‘आईच्या हातची चव’ एवढे शब्द आले की पुढचं सगळं धूसर. मला त्या धुक्यात फार वेळ काढायचा नाही. डब्याचा स्वयंपाक ही स्वयंपाकाची स्वतंत्र शाखा आहे, तिचे कडक नियम आहेत आणि ते नियम घड्याळाने घातलेले आहेत, एवढंच मला दाखवायचं आहे.

कामगार वस्तीतली सकाळ आठवून बघा. नळाला पाणी ठरावीक वेळी. पहिली पाळी सातची, म्हणजे घरातल्या पुरुषाचा डबा साडेसहाच्या आत भरलेला हवा. सकाळच्या सत्राची शाळा त्याच सुमाराला. बाई स्वतः नोकरीला जात असेल तर तिलाही लोकल गाठायची. दोन शेगड्या, एक कढई, एक तवा. त्यामुळे भाजी एकच, आणि तिने तीन पोटांची समजूत घालायची. यावर घरोघरी एकच तोडगा होता: फोडणीत मोहरी, हिंग, हळद; भाजी शिजली की मुलाच्या वाटणीची बाजूला काढायची आणि मग उरलेल्या भाजीत तिखट-गोडा मसाला घालून मोठ्यांचे डबे भरायचे. मुलाच्या डब्यातली भाजी पिवळी आणि बापाच्या डब्यातली तांबूस, कढई तीच. पुढे मोठेपणी आपल्याला ‘साधी पिवळी भाजी’ आवडते असं जे म्हणतो, त्यात आवडीचा भाग किती आणि कढईतून आधी उचलल्याचा किती, हे सांगणं अवघड आहे.

आता नियम. डब्यातला पदार्थ चार-पाच तासांनी, थंड, चमच्याशिवाय आणि वीस मिनिटांत खाल्ला जाणार आहे. दप्तरात तो आडवा पडणार, उलटा होणार. म्हणजे रस चालत नाही. आमटी, रस्सा, पातळ भाजी बाद. वांग्याचं भरीत चवीला कितीही चांगलं असलं तरी थंड झाल्यावर त्याचं तेल सुटतं. दुधी, पडवळ, घोसाळं पाणी सोडतात. त्यांना डब्यात जायचं तर चण्याची डाळ किंवा पीठ पेरून ते पाणी शोषावं लागतं. मराठी स्वयंपाकातल्या पीठ पेरलेल्या भाज्यांचं महत्त्व मला डब्यामुळे कळलं. सिमला मिरची, मेथी, कांद्याची पात, कोबी, सगळ्यांना बेसनाचा हात लागला की त्या डब्यात मुकाट्याने राहतात. शेंगदाण्याचं कूट तेच काम करतं, शिवाय पोटाला आधार देतं. भेंडी धुऊन, पुसून, कोरडी करून चिरायची आणि झाकण न ठेवता परतायची, कारण तार सुटलेली भेंडी डब्यात उघडली की शेजारचा मुलगा सरकून बसतो. ओलं खोबरं थंडीत चालतं. एप्रिलच्या वार्षिक परीक्षेत नाही, दुपारपर्यंत वास लागतो. कच्चा कांदा कधीच नाही.

पोळीचेही कायदे आहेत. फुलका ताटातला, डब्यात त्याचा पापड होतो. डब्याला घडीची पोळी, मध्ये तेलाचं बोट फिरवून आणि पिठाची चिमूट टाकून केलेली, म्हणजे पदर सुटतात आणि ती दुपारपर्यंत मऊ राहते. पण तव्यावरची पोळी थेट डब्यात घातली की वाफ धरते, झाकणावरून पाणी ठिबकतं आणि खालची पोळी गिच्च होते. म्हणून आधी ती उघडी ठेवून निववायची, वरून तूप लावायचं, मग घडी. नववधूला हे कुणी सांगत नसे. पहिल्या चार-सहा डब्यांत तिला ते आपोआप कळत असे, कारण डबा परत येतो. ताटात टाकलेलं कुणी मोजत नाही. परत आलेल्या डब्यात मात्र निकाल स्पष्ट असतो.

कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं. वाटी-चमच्याची मापं देणारं ते पुस्तक सासू-आईपासून लांब, दोन खोल्यांत संसार थाटलेल्या मुलींच्या हाती पडलं आणि लग्नातल्या आहेरात जाऊन बसलं. वर्तकनगरसारख्या वसाहतींत नेमके तेच संसार होते. गाव सुटलेलं, जवळ विचारायला कुणी नाही. तरी पुस्तकातलं प्रमाण शेवटी ताटासाठी असतं. डब्याचं ज्ञान जिन्यात, नळावर, गॅलरीत फिरायचं: ‘बटाटा आदल्या रात्री उकडून ठेव’, ‘मेथी निवडून फडक्यात गुंडाळ’. लोकलच्या लेडीज डब्यात मटार सोलणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या बायका ठाणे-कल्याणकडच्या प्रत्येकाने पाहिल्या आहेत. परगावच्या माणसाला त्यात गंमत वाटते. खरं तर तो उद्याच्या डब्याचा पहिला तास असतो.

मराठी शाळा दोन सत्रांत भरायच्या, अजूनही बऱ्याच भरतात. सकाळच्या सत्राचा मुलगा दूध पिऊन निघायचा, त्यामुळे त्याचा डबा म्हणजे पोळी-भाजी, पोट भरणारी. दुपारच्या सत्राचा मुलगा साडेअकराला घरी वरण-भात, तूप, लिंबू असं गरम जेवून निघायचा. त्याच्या डब्यात मधल्या सुट्टीचं नुसतं खाणं. पोहे, उपमा, शिरा, थालिपीठ, गूळ-तूप-पोळीची सुरळी, चतुर्थी असेल तर साबुदाण्याची खिचडी. एकाच आईची दोन मुलं वेगवेगळ्या सत्रांत असली की ती ‘त्याला पोहे आणि मला पोळी का?’ म्हणून भांडत. उत्तर घड्याळात होतं, पण सकाळी सव्वासहाला ते समजावून सांगायला वेळ कुणाला?

आणि मग शिळ्याची कला. रात्री उरलेल्या पोळ्या कुस्करून, कांदा-मिरची-कढीपत्त्याच्या फोडणीत परतून केलेली फोडणीची पोळी. पोळी बारीक करून गूळ-तूप घालून वळलेला लाडू. फोडणीचा भात. हे पदार्थ गरजेने जन्मले आणि मुलांनी त्यांना मानाचं पान दिलं. सुट्टीत ज्याच्या डब्यात पोळीचा लाडू त्याच्याभोवती घोळका. आता काही ठिकाणी फोडणीची पोळी मेनूकार्डावर दिसते, ताजी पोळी मुद्दाम शिळी करून. ती चांगली लागते, पण तिची मूळ अट उरलेलं संपवणं ही होती.

वर्तकनगरचा डबा एकाच जातीचा किंवा जिल्ह्याचा कधीच नव्हता. वागळेचा कामगार कोकणातला, गिरणीतला कुणी घाटावरचा, पोलीस वसाहतीत सातारा, सांगली, नगर, खानदेशापासून बदल्या होऊन आलेली कुटुंबं, आणि आधीपासूनचे ठाण्याचे आगरी-कोळी. एका बाकावर चार डबे उघडले की महाराष्ट्राचा नकाशा पसरायचा. सिंधुदुर्गातल्या घरचं घावन, सांगलीकडच्या घरची कांदा-लसूण चटणी लावलेली भाकरी, जळगावकडच्या घरची कळण्याची भाकरी आणि ठेचा, चौथ्याकडे कोबीत चण्याची डाळ. अदलाबदलीचे भाव ठरलेले असत. एक घावन म्हणजे दीड पोळी. गृहपाठ उतरवून घ्यायचा असेल तर अख्खा शिरा.

या अदलाबदलीला सीमा होत्या, हेही लिहायला हवं. सोडे, सुकट, बोंबील ही ज्यांच्या घरची रोजची चव, त्यांच्या डब्यात ती क्वचितच यायची. बाहेरून कारण वासाचं, आणि वर्गात कुणी नाक मुरडेल ही भीती त्याहून मोठी. त्या घरची मुलंही वर्गात बटाट्याची भाजीच आणत. ‘साधा मराठमोळा डबा’ म्हणून ज्याचे गोडवे गातो, तो काही प्रमाणात दुसऱ्यांनी आपली चव घरी ठेवून आल्यामुळे साधा झाला आहे. हे गोडव्यात बसत नाही, म्हणून गाळलं जातं.

तीच गोष्ट येऊरची. वर्तकनगरहून उपवन तलावाच्या वरच्या बाजूने डोंगर चढला की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द आणि आदिवासी पाडे. पावसाळा सुरू झाला की ठाण्यात आदिवासी बायका रानभाज्या विकायला बसतात: शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोळी, बांबूचे कोंब. शेवळं नीट निवडली नाहीत, काकडाच्या फळांबरोबर शिजवली नाहीत, तर घशाला खाज सुटते. म्हणून हे रविवारच्या सवडीचं काम. कॉलनीतल्या मुलांच्या डब्यात रानभाजी येत नसे ती एवढ्यासाठी. शाळेपासून जंगल हाकेच्या अंतरावर आणि डब्यात मात्र फ्लॉवर. आज रानभाजी महोत्सव भरतात, फोटो निघतात. टोपलीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीसही चालूच असते.

भांडं बदललं तसा डबाही बदलला. आधी ॲल्युमिनियमचा, लोणच्याने काळा पडणारा. मग स्टीलचा, झाकणावर बारीक टिंबांनी नाव कोरलेला, बहुतेक वेळा बापाचं किंवा आजोबांचं, कारण तो कुणाच्या तरी लग्नात आलेला असे. झाकण इतकं घट्ट, की ते उघडायला बाईंकडे जावं लागे. १९९६मध्ये टप्परवेअर भारतात आलं, भिशीच्या मंडळांतून घराघरांत शिरलं आणि झाकण सहज उघडू लागलं. आता पुन्हा स्टील, पण आत उष्णता धरणारं. त्यातली गरम पोळी तरी वाफेने गिच्चच होते. पदार्थविज्ञान कंपनीकडे बघत नाही.

बाजाराने डब्यात पहिला मोठा शिरकाव केला तो १९८३ साली, मॅगी भारतात आली तेव्हा. गंमत अशी, की मॅगी डब्यासाठी सगळ्यांत गैरसोयीची. थंड झाली की तिचा गठ्ठा होतो आणि उचलली की डब्याच्या आकारात उठते. तरी तिची पत मोठी होती. जॅम लावलेला पाव, सॉस, पाकिटातल्या वेफर्स यांनी वर्गात एक नवी उतरंड तयार केली आणि कोबीची भाजी आणणारा मुलगा झाकण अर्धवट उघडून खाऊ लागला. मीही तसं खाल्लेलं आहे. पुढे मे २०१७मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेच्या उपाहारगृहांतून जंकफूड हद्दपार करण्याचा निर्णय काढला. २०२०च्या केंद्रीय नियमांनी जास्त चरबी-साखर-मिठाच्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत बंद केली. मे २०२५मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं. फाटकाबाहेर चिंचा-बोरं, मिठातली कैरी आणि वडापाव मिळत होता तेव्हा असा फलक लागला नव्हता. पण खिशात रोज पैसेही नसत, हा मोठाच फरक.

ज्यांच्याकडे डबाच नव्हता त्यांचं काय, हा प्रश्न आठवणींच्या लेखांत सहसा येत नाही. अमोल गुप्ते यांनी २०११च्या ‘स्टॅन्ली का डब्बा’मध्ये तो मांडला, मुलांचे डबे खाणाऱ्या मास्तरासकट. सरकारी पातळीवर त्याचं उत्तर १५ ऑगस्ट १९९५ पासून शाळेतल्या पोषण आहाराच्या योजनेतून मिळू लागलं. महाराष्ट्रात आधी दरमहा ३ किलो तांदूळ घरी दिला जायचा. २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश दिला आणि शाळांत खिचडी आली. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं. कुठल्याही आईने डबा भरताना हे मोजलं नसेल, पण आपल्या भरलेल्या डब्याशी ताडून बघावं असं हे माप आहे. दोन पोळ्या आणि बटाट्याच्या भाजीत १२ ग्रॅम प्रथिनं भरत नाहीत. चटणीतलं दाण्याचं कूट, कोबीतली चण्याची डाळ, मोड आलेली मटकी असेल तर गाडी पुढे सरकते. आपल्या साध्या डब्याची ही खरी उणीव, आणि ज्या बायका प्रत्येक भाजीत डाळ किंवा कूट घालायच्या त्यांचा हात किती बरोबर होता तेही यातून दिसतं.

महापालिकेच्या शाळेतल्या खिचडीला नावं ठेवण्याची मध्यमवर्गात फॅशन आहे. ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी ती खाल्ली आहे? तक्रारीला जागा आहे, पण ती वेगळी. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, आणि जानेवारी २०२५मध्ये त्यासाठीचा निधी काढून घेतला. अंडं आणि गोड पदार्थ हवे असतील तर लोकसहभागातून करा, असं शाळांना सांगितलं. ज्या मुलाच्या घरचा डबा येत नाही त्याच्या शाळेभोवतीचे लोक वर्गणी कुठून काढणार, याचं उत्तर त्या निर्णयात नाही.

आता आजच्या वर्तकनगरात परत येऊ. रेमंडची गिरणी २००९ मध्ये थांबली. त्या जमिनीवर टॉवर उभे आहेत. हाउसिंग बोर्डाच्या अनेक इमारतींच्या जागी पुनर्विकासातले उंच मजले आले. भोंग्याच्या पाळ्या गेल्या, पण सकाळ सैल झाली नाही. आई-वडील दोघंही ऐरोली, पवई, बीकेसीकडे धावतात आणि मुलांची स्कूलबस सातच्या आत खाली उभी असते. त्यातून पोळी-भाजी केंद्रं वाढली. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या प्रत्येक नाक्यावर ती आहेत, काचेच्या कपाटात भाज्यांचे डबे मांडलेली, मागे उभं राहून पोळ्या लाटणाऱ्या बायका. तिथे पाच मिनिटं उभं राहून बघावं: भाजीपेक्षा पोळ्या जास्त जातात. कारण भाजी दहा मिनिटांत होते. कणीक भिजवणं, लाटणं, भाजणं, ओटा पुसणं यातच सकाळ जाते. डब्याची खरी अडचण पोळी आहे. ती लाटून देणारी बाई स्वतःच्या मुलाचा डबा पहाटे चारला उठून करून आलेली असते, हे पिशवीतल्या दहा पोळ्यांकडे बघून कळत नाही.

२०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा बिनपगारी वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. त्यातही मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष साधारण चारांत एक. ‘आईच्या हातची चव’ या कौतुकामागचा आकडा हा आहे. ज्या मुलांनी ती चव आयुष्यभर आठवली, त्यांतल्या फार थोड्यांनी पोळी लाटायला शिकून घेतली. मुलाला घडीची पोळी शिकवणं अवघड नाही. पंधरा दिवस नकाशे होतात, मग गोल यायला लागतात.

पोळीनंतर आता शाळेचं घड्याळ. ८ फेब्रुवारी २०२४च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले गेले. कारण दिलं गेलं मुलांच्या झोपेचं, पण त्याचा सगळ्यांत मोठा लाभ डब्याला झाला असता. साडेआठला भरलेला डबा आणि सहाला भरलेला डबा यांत अडीच तासांच्या ताजेपणाचा फरक असतो. दोन सत्रांच्या इमारती आणि बसच्या फेऱ्या यांच्या अडचणी सांगून बऱ्याच शाळांनी त्यातून वाट काढली. अडचणी खोट्या नाहीत. पण जपानात १९५४पासून शाळेच्या जेवणाचा कायदा आहे. तिथे मुलं वर्गात एकमेकांना वाढतात, शिक्षकांसोबत जेवतात, आणि तो वेळ शिक्षणाचाच भाग धरला जातो. आपल्याकडे बालवाडीत डब्याचं वेळापत्रक असतं, सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, शनिवारी खाऊ. जेवणाआधी श्लोक असतो, बाई शेजारी बसून घास संपवायला लावतात. पहिलीत गेलं की हे सगळं संपतं आणि उरते फक्त घंटा.

त्या घंटेबद्दल शाळांना आणि पालक संघांना एक विनंती. बऱ्याच शाळांत मधली सुट्टी वीस मिनिटांची असते. त्यात हात धुण्याची रांग, नळ, जिना, झाकण आणि मैदानाची ओढ. जेवायला उरतात सात-आठ मिनिटं, आणि मग डबा अर्धा परत आला म्हणून घरी बोलणी. पुढच्या पालक सभेत सहलीच्या वर्गणीआधी हा एक विषय घ्या: सुट्टी अर्ध्या तासाची करा, त्यातली पहिली पंधरा मिनिटं बसून खाण्यासाठीच ठेवा आणि हात धुवायला चार नळ वाढवा.